१२० हेक्टर उघड्या डोंगरावर हवाई बीजपेरणी: बियाण्याचा हिशेब कसा मांडायचा?

मुरमाड_उतार

सुमारे १२० हेक्टरचा उघडा डोंगर आहे. माती १० ते २० सेंटिमीटर, तिच्याखाली मुरूम. वरच्या भागात ढाळ ३० ते ३५ टक्के, पायथ्याकडे १० टक्क्यांच्या आत. पाऊस सरासरी ६५० मिलिमीटर, जवळजवळ सगळा चार महिन्यांत, आणि मध्ये दोन-तीन आठवड्यांची उघडीप ठरलेलीच. पूर्वी इथे खुरटे जंगल होते. तोड, वणवे आणि चराई यांनी ते गेले. आता जागोजागी गवताचे ठोंब आहेत, बाकी उघडा मुरूम आणि ओघळी.

वरच्या भागात रोपे आणि पाणी चढवणे शक्य दिसत नाही, म्हणून हवाई पेरणीचा विचार चालू आहे. ड्रोन बरा की हेलिकॉप्टर? हेक्टरी किती बी लागते? ‘५ किलो टाका’, ‘२० किलो टाका’ असे आकडे ऐकायला मिळतात, पण ते कुठून आले हे कुणी सांगत नाही. बीजगोळे (मातीच्या गोळ्यात घातलेले बी) करावेत की नुसते बी टाकावे? आणि पेरणी पावसाच्या आधी की पाऊस सुरू झाल्यावर? ज्यांना या कामाची खरी माहिती आहे त्यांनी आकड्यांसकट सांगावे.

उलटा_हिशेब

किलोपासून सुरुवात करू नका, रोपांपासून करा. दुसरा उन्हाळा संपताना हेक्टरी किती झाडे उभी हवीत ते आधी ठरवा आणि तिथून मागे या.

समजा हेक्टरी १,००० झाडे हवीत आणि बी खैराचे आहे. खैराच्या एका किलोत साधारण ४०,००० बिया धरा. तुमच्या ढिगातल्या १०० बिया स्वतः वजन करून हा आकडा दुरुस्त करा, कारण बियांच्या आकारात ढिगागणिक बराच फरक असतो. बियाण्याची शुद्धता ९५ टक्के आणि चाचणीतली उगवण ८० टक्के असेल, तर दोन्हींचा गुणाकार ७६ टक्के. म्हणजे शंभरात ७६ बियाच खऱ्या अर्थाने जिवंत आहेत. आता जमिनीवरचे गृहीतक: उघड्यावर पडलेल्या जिवंत बियांपैकी १० टक्के उगवल्या आणि उगवलेल्यांपैकी २० टक्के दुसरा उन्हाळा पार करू शकल्या.

०.७६ × ०.१० × ०.२० = ०.०१५२

१,००० ला याने भागा. हेक्टरी सुमारे ६६,००० बिया येतात, म्हणजे १.६५ किलोच्या आसपास. चौरस मीटरला साडेसहा बिया. १२० हेक्टरला जवळपास २०० किलो.

यातले १० आणि २० टक्के हे गृहीतक आहे. तुमच्या डोंगराचे खरे आकडे त्या डोंगरावरच मिळतील. जमीन घट्ट असेल, उघडीप लांबली किंवा मुंग्यांनी बी नेले, तर १० टक्क्यांचे २ टक्के व्हायला वेळ लागत नाही. मग त्याच १,००० झाडांसाठी पाचपट बी लागते, म्हणजे सव्वाआठ किलो. तुम्हाला ऐकू येणारे ५ आणि २० किलो हे असेच कुणाच्या तरी जागेवरचे आणि कुठल्या तरी जातीचे आकडे आहेत. जात बदलली की किलोला काही अर्थ उरत नाही. बाभळीच्या किलोत सात-आठ हजारच बिया असतात, आणि गवताच्या किलोत लाखांनी असतात.

म्हणून मोठ्या उड्डाणाच्या आदल्या हंगामात तीन वेगवेगळ्या ढाळांवर १० मीटर × १० मीटरचे तुकडे आखा आणि हाताने मोजून बी फेका. प्रत्येक तुकड्यात ६६० बिया. चार आठवड्यांनी रोपे मोजली की तुमच्या १० टक्क्यांच्या जागी खरा आकडा येतो. एक वर्ष जाते खरे, पण २०० किलो लागणार की १,००० किलो हे त्याशिवाय कळायला दुसरा मार्ग नाही.

उगवण चाचणीचे प्रमाणपत्र जुने असेल तर त्यावर विसंबू नका. शंभर-शंभर बियांचे चार गट ओल्या कागदात ठेवा आणि उड्डाणाच्या महिनाभर आधी पुन्हा मोजा.

गवताळ

हिशेब बरोबर आहे. पण त्याआधी एक गोष्ट तपासा. ‘उघडा’ म्हणजे ‘उजाड’ असे प्रत्येक वेळी नसते. जे भाग मुळातच माळरान आहेत, जिथे मातीची जाडी आणि पाऊस गवतालाच मानवतो, तिथे झाडांचे बी टाकून आपण चांगले गवताळ रान बिघडवतो. पावसाळ्याच्या शेवटी एकदा डोंगर पायी फिरा. पवना, मारवेल यांसारखी बहुवर्षीय गवते चौरस मीटरला दोन-तीन ठोंब असतील, तर त्या भागाला बियाण्याची नव्हे, चराईबंदीची गरज आहे. जुन्या झाडांचे खुंट जिवंत असतील तर तेही फुटतात, आणि ते फुटवे कुठल्याही हवाई पेरणीपेक्षा झपाट्याने वाढतात, कारण खाली तयार मूळ असते. असे भाग नकाशावर वेगळे काढले की १२० हेक्टरांचे कदाचित ७० च उरतील.

दुसरे, जातीची निवड. विमानातून टाकलेली जी जात हमखास जगते ती पुढे आवरतेच असे नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रशांत महासागरातल्या ग्वाम आणि सायपान या बेटांवर धूप थांबवण्यासाठी सुबाभळीचे बी विमानातून टाकले. आज तिथे तिची दाट जाळी आहेत आणि स्थानिक जंगलाला त्यांतून वाट काढावी लागते. चंबळच्या घळींत १९८० च्या दशकात विलायती बाभळीचे बी असेच टाकले गेले. घळी हिरव्या दिसल्या हे खरे, पण ती बाभूळ दिलेल्या हद्दीत राहत नाही. शेंगा गुरे खातात आणि शेणातून बी पुढे नेतात. ‘काहीतरी हिरवे होऊ दे’ या घाईत या दोन जाती घेऊ नका, एवढे कळकळीने सांगतो.

तुमच्या मुरमासाठी खैर ठीक. त्याच्यासोबत तरवड घ्या. तो झुडूप आहे, मुरमात येतो, गुरे-शेळ्या त्याला सहसा तोंड लावत नाहीत, आणि त्याच्या आडोशाला पुढे इतर रोपे टिकतात. देशी बाभूळ फक्त पायथ्याच्या जाड मातीत. आंबा, जांभूळ, फणस यांचे बी हवेतून टाकू नका. ते वाळले की मरते आणि उघड्यावर दोन दिवसांत वाळते. कडुनिंबाची उगवणक्षमताही काही आठवड्यांतच घसरते. बिवळ्याची पंखवाली शेंग वाऱ्यावर कुठल्या कुठे जाते. या सगळ्यांची जागा रोपवाटिकेत आहे.

गवताचे बी टाकायचे असेल तर ओघळींच्या कडा आणि पूर्ण उघडे मुरमाड पट्टे एवढ्यापुरते, अंजन गवत हेक्टरी दोन-तीन किलो. झाडांच्या बियांबरोबर सरसकट जास्त गवत टाकले तर पहिल्याच पावसाळ्यात गवत रोपांच्या डोक्यावरून जाते, खालची ओल ओढून घेते आणि उन्हाळ्यात वणव्याला इंधन होते.

उड्डाण_पट्टा

ड्रोन की हेलिकॉप्टर याचे उत्तर वजनात नाही, वेळेत आहे. पट्टा म्हणजे एका उड्डाणरेषेत बी पडते तेवढी जागा. सूत्र हे:

दर मिनिटाला पडायचे किलो = हेक्टरी किलो × ताशी वेग (किमी) × पट्ट्याची रुंदी (मीटर) ÷ ६००

खैराच्या बियांना मातीचे पातळ वेष्टन देऊन वजन दुप्पट केले असे धरू. हेक्टरी ३.३ किलो. ड्रोन सेकंदाला ५ मीटर (ताशी १८ किमी), पट्टा ६ मीटर: मिनिटाला सुमारे ६०० ग्रॅम. हेलिकॉप्टर ताशी १०० किमी, पट्टा २० मीटर: मिनिटाला ११ किलो. हेलिकॉप्टरचा नुसता पेरणीचा वेळ ३६ मिनिटे होतो, वळणे आणि भरणा धरून एक सकाळ. ड्रोनला एका हेक्टरला साडेपाच मिनिटे लागतात. भरल्या वजनाने बॅटरी दहा-बारा मिनिटे चालली तर एका फेरीत दोन हेक्टर, म्हणजे ६० फेऱ्या आणि अनेक बॅटरी संच. एका ड्रोनला चार-पाच दिवस धरा. १२० हेक्टरला ड्रोन पुरतो. हजारभर हेक्टर असते आणि पावसाआधीची खिडकी आठच दिवसांची असती, तर मी हेलिकॉप्टर किंवा विमान म्हटले असते.

ड्रोनची खरी अडचण म्हणजे मिनिटाला ६०० ग्रॅम हा प्रवाह फार बारीक आहे. हॉपरची (बी भरायच्या टाकीची) झडप जेमतेम उघडते आणि बी अडकते. मग लोक त्यात वाळू किंवा चाळलेले खत भरीला घालतात. वाळू जड असते. मोटरच्या थरथराटाने ती खाली बसते आणि बी वर राहते, त्यामुळे पट्ट्याच्या सुरुवातीला वाळू पडते आणि शेवटी बी. भर घालायचीच तर बियांच्याच आकाराची आणि वजनाची घाला. त्याच जातीचे भाजून मारलेले बी किंवा त्याच मापाच्या मातीच्या गोळ्या चालतात. भाजलेल्या बियांची उगवण चाचणी करून ते खरेच मेले आहे याची खात्री करा, नाहीतर हिशेब चुकतो.

दोन जाती एकत्र टाकू नका. बी फेकणाऱ्या फिरत्या चकतीवरून जड बी लांब जाते आणि हलके जवळ पडते. एकाचा पट्टा आठ मीटर होतो, दुसऱ्याचा तीन. खैर आणि तरवड वेगळ्या फेऱ्यांत, आणि गवत तर वेगळेच. अंजन गवताचे केसाळ बी हॉपरमध्ये एकमेकांत गुंतून कमान धरते आणि खाली येतच नाही. त्याला आत फिरणारा ढवळा लागतो, किंवा आधी केस काढून वेष्टन द्यावे लागते.

वाऱ्याचा हिशेब पाहा. केसाळ गवताचे बी सेकंदाला दीड मीटरने खाली येते असे धरले, तर ३० मीटरवरून पडायला २० सेकंद लागतात. वारा सेकंदाला ३ मीटर असला, तरी ते ६० मीटर बाजूला जाते. वेष्टन दिलेले बी सेकंदाला ८ मीटरने आले तर चार सेकंदांत पडते आणि बारा मीटरच सरकते. म्हणून हलक्या बियांसाठी उंची १० मीटरच्या आत आणि वेळ पहाटेची. ताशी १५ किमीच्या वर वारा असेल तर काम थांबवा.

उतारावर समतल रेषांना धरून उडा. चढ-उताराच्या दिशेने उडल्यास जमिनीपासूनची उंची सतत बदलते आणि तिच्याबरोबर पट्टाही. संपूर्ण दर एकाच फेरीत टाकण्यापेक्षा निम्म्या दराने दोनदा, दुसरी फेरी अर्ध्या पट्ट्याने सरकवून. फेऱ्या दुप्पट होतात, पण डोंगरावर झेब्र्यासारखे पट्टे उठत नाहीत.

सुरुवात करण्याआधी सपाट जागेवर उड्डाणरेषेला आडव्या एक-एक मीटरच्या २० कापडी चौकटी टाकून बिया मोजा. सरासरी साडेसहा अपेक्षित असेल तर एखाद्या चौकटीत ३ आणि दुसरीत १० येणे साहजिक आहे. मधल्या चौकटींत १५ आणि कडेच्यांत १ असे सलग दिसले, तर पट्टा तुम्ही समजता त्यापेक्षा अरुंद आहे. चकतीतून गेलेले बी गोळा करून त्याचीही उगवण तपासा. वेग जास्त असेल तर बिया तडकतात आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

परवानगीचेही आत्ताच पाहा. बऱ्याच देशांत उडवण्याची परवानगी वेगळी आणि उडत्या यंत्रातून वस्तू खाली टाकण्याची वेगळी असते.

मुरमाड_उतार

सर्वांचे मनापासून आभार. पट्टे वेगळे काढण्याचे काम सुरू करतो. एक अडचण सांगायची राहिली. स्वयंसेवकांनी बीजगोळे करायला घेतले आहेत, एकेक १५ ग्रॅमचा, प्रत्येकात दोन-तीन बिया. ते वापरावेत की नाही? आणि वेष्टन म्हणजे नेमके काय व कसे करायचे?

बीज_वेष्टन

बीजगोळ्यांचा हिशेब वरच्याच आकड्यांवर करून पाहा. हेक्टरी ६६,००० बिया, प्रत्येकी एक गोळा, १५ ग्रॅम: हेक्टरी ९९० किलो. दहा किलो उचलणाऱ्या ड्रोनला एका हेक्टरला ९९ फेऱ्या. म्हणून प्रत्यक्षात लोक हेक्टरी हजारभर गोळे टाकतात. हजार गोळे, प्रत्येकी तीन बिया, म्हणजे ३,००० बिया. ०.०१५२ ने गुणले की ४५ झाडे. गोळ्यामुळे उंदरा-मुंग्यांपासून रक्षण होऊन तगण्याचे प्रमाण दुप्पट झाले असे मानले, तरी ९०. कष्टाचे गोळे वाया गेले असे वाटण्याचे मूळ या भागाकारात आहे.

गोळ्याचे आणखी दोष. चिकणमाती जास्त झाली आणि उन्हात वाळवला तर तो विटेसारखा होतो. हलक्या सरींनी फक्त वरचा थर भिजतो आणि कोंब आतच अडकतो. ३० टक्के ढाळावर गोल गोळा घरंगळत ओघळीत जातो आणि पहिल्या लोंढ्याबरोबर निघतो. एका गोळ्यातल्या तिन्ही बिया उगवल्या तर त्या एकमेकींची ओल ओढतात.

तयार होत असलेले गोळे फेकून देऊ नका. पायथ्याच्या कमी ढाळावर, माणसांच्या हाताने, दगडाच्या किंवा झुडपाच्या आडोशाला ठेवायला ते उत्तम आहेत. हातातला गोळा नेमक्या जागी जातो. उंचावरून टाकलेला तसा जात नाही.

वेष्टनाची कृती अशी. सिमेंट कालवायचा फिरता ड्रम घ्या, आतली पाती काढा किंवा झाका. १० किलो बी घाला. बाभळीच्या डिंकाचे ४० टक्के द्रावण करा: ४०० ग्रॅम डिंक, कोमट पाण्यात विरघळवून एकूण एक लिटर, गाळून आणि थंड करून. दर थराला किलोमागे साधारण ४० मिलिलिटर, म्हणजे १० किलोला ४०० मिलिलिटर, फिरत्या ड्रममध्ये बारीक धारेने. सगळे बी चकचकीत दिसले की कपडछान चिकणमाती आणि जुने कंपोस्ट यांचे मिश्रण मुठीमुठीने भुरभुरा. बी सुटे होऊन फिरू लागले की थांबा. मग पुन्हा डिंक, पुन्हा भुकटी. वजन दुप्पट होईपर्यंत थर चढवा. द्रावण एकदम जास्त ओतले तर बियांचे गठ्ठे होतात. मग चाळून ते वेगळे काढावे लागतात. सावलीत बोटभर जाडीच्या थरात वाळवा, उन्हात नाही.

खैर, बाभूळ यांच्या मुळांवर गाठी धरतात, म्हणून त्या जातीचे रायझोबियम (गाठी धरवणारे जिवाणू) पहिल्या थराच्या द्रावणात मिसळा. डिंक गरम असताना मिसळले तर जिवाणू मरतात. भुकटीत चुना घालायचा असेल तर तो नुसत्या चुनखडीच्या पिठाचा. कळीचा किंवा विरवलेला चुना जिवाणूंना मारतो. बुरशीनाशकही त्याच बियांवर नको. जिवाणू लावलेले बी दोन-तीन दिवसांत जमिनीवर पोचले पाहिजे. चार आठवडे गोदामात राहिले तर रायझोबियम नावालाच उरते.

वेष्टनाचा खरा फायदा वजनाचा आहे. बी सरळ पडते, वाऱ्याने हलत नाही. चीनमध्ये १९५० च्या दशकापासून हवाई पेरणी चालू आहे आणि तिथल्या वाळूच्या टेकड्यांवर हेडिसारम या झुडपाचे हलके बी वाऱ्याबरोबर लोळत जाई, म्हणून त्याला मातीचे वेष्टन देऊन जड केले गेले. पण वेष्टनाने पाणी बियापर्यंत लवकर पोचत नाही, उलट थोडे उशिराच पोचते. त्यामुळे जाड थर नको.

कवच फोडण्याबद्दल: बाभूळ आणि तरवड यांच्यासारखे कठीण कवचाचे बी ८० अंश सेल्सियसच्या पाण्यात दोन-तीन मिनिटे बुडवा, लगेच थंड पाण्यात टाका आणि वाळवा. रात्रभर भिजवू नका. फुगलेले बी हॉपरमध्ये चिकटते, चकतीवर फुटते आणि पडल्यावर चार दिवस पाऊस आला नाही तर मरते. शिवाय सगळ्या बियांवर प्रक्रिया करू नका. साठ टक्के करा, चाळीस तशाच ठेवा. पहिल्या पावसावर उगवलेली रोपे उघडिपीत गेली, तर न फोडलेल्या बिया दुसऱ्या-तिसऱ्या पावसावर येतात. तुमच्याकडे उघडीप ठरलेली आहे, तेव्हा हा विमा हवाच.

वाफसा

पेरणीच्या वेळेबद्दल अजून कुणी लिहिले नाही. माझे मत: पावसाच्या आधी नको. पहिला चांगला पाऊस होऊन माती १५ सेंटिमीटर खोल भिजली की मग टाका. आधी टाकलेले बी उघड्यावर पडून राहते, मुंग्या आणि उंदीर रोज थोडे थोडे नेतात, आणि वळवाच्या एका सरीने जे उगवते ते पुढच्या दहा दिवसांत करपते. ओली माती मऊ असते, मूळ आत जाते. कोरड्या घट्ट जमिनीवर कोंबाचे मूळ आत शिरू शकत नाही, ते बीच वर ढकलते, आडवे होते आणि वाळते. उगवून मरण्याचे हे सगळ्यांत मोठे कारण आहे, आणि ते विमानाने किंवा ड्रोनने सुटत नाही. ते जमिनीच्या पृष्ठभागाने सुटते.

म्हणून वरच्या भागातही किमान जमीन खरवडा. समतल रेषेत पाच-सात सेंटिमीटर खोल ओरखडे, दोन-दोन मीटरवर. यंत्र चढत नसेल तर कुदळीने एक मीटर रुंदीच्या अर्धचंद्राकृती खाचा, उघडी बाजू डोंगरमाथ्याकडे. समतल चर असतील तर लक्षात ठेवा, चराच्या तळाशी पाणी तुंबून बी कुजते आणि गाळाखाली गाडले जाते. रोपे टिकतात ती चराच्या भरावावर आणि कडेला. खरवडणे आणि पेरणी यांत फार दिवस जाऊ देऊ नका. एक जोराचा पाऊस झाला की मोकळ्या मातीवर पापुद्रा धरतो आणि खरवडल्याचा फायदा निम्मा जातो.

उड्डाण_पट्टा

वाफसा यांच्याशी जमिनीबद्दल सहमत, वेळेबद्दल अर्धाच. पाऊस लागल्यावर ढग, धुके आणि वारा यांमुळे डोंगरावर उडायला सलग चार दिवस मिळणे कठीण. ड्रोनच्या ६० फेऱ्या, आणि दोनदा पेरायचे म्हटले तर १२०, या काळात पूर्ण होत नाहीत. ओल्या हवेत वेष्टन चिकट होते आणि हॉपर तुंबतो, तेही आहेच. कठीण कवचाचे बी अंदाजित पावसाच्या आठवडाभर आधी, खरवडलेल्या जमिनीवर टाकायला हरकत नाही. बीज_वेष्टन यांनी सांगितलेला चाळीस टक्क्यांचा विमा त्यासाठीच आहे. गवत आणि लवकर उगवणारे खैराचे बी मात्र पहिल्या पावसानंतरच्या उघाडीसाठी राखून ठेवा.

वाफसा

हे मान्य. जातीप्रमाणे दोन हप्ते केले तर दोन्ही बाजू सांभाळल्या जातात. फक्त पहिला हप्ता ‘तारीख ठरली आहे’ म्हणून टाकू नका, पावसाचा अंदाज पाहून टाका. आणि एकूण बियाण्यातले पाव बी कोरड्या, थंड जागी मागे ठेवा. पहिल्या मोजणीत जिथे रिकामे निघेल तिथे पुढच्या वर्षी तेवढेच पुन्हा टाकता येते.

वणव्यानंतर लगेच पेरणी करू पाहणाऱ्या इतर वाचकांसाठी एक टीप. धूप थांबवणे हाच हेतू असेल तर बियाण्यावर भिस्त ठेवू नका. अमेरिकेत आगीनंतरच्या गवतपेरणीचे जे आढावे झाले, त्यांत पहिल्या वर्षी धूप रोखण्याचा फायदा फारसा दिसला नाही. पहिला मोठा पाऊस येतो तेव्हा बी अजून जमिनीवरच असते. पेंढ्याचे आच्छादन त्यापेक्षा बरेच परिणामकारक ठरले.

मुरमाड_उतार

शेवटचा प्रश्न. काम यशस्वी झाले की नाही हे कधी आणि कसे मोजायचे? पहिल्या पावसाळ्यात सगळेच हिरवे दिसते.

उलटा_हिशेब

म्हणूनच हिरवेपणा मोजायचा नाही, रोपे मोजायची, आणि बी न टाकलेल्या पट्ट्याशी तुलना करायची. उड्डाणाच्या नकाशातच प्रत्येक ढाळावर २० मीटर रुंदीचा एक पट्टा कोरा सोडा, किमान तीन. तो पट्टा नसेल तर चराईबंदीने आपोआप आलेली रोपे पेरणीच्या नावावर जमा होतात.

मोजणीसाठी दोरी आणि खुंटी पुरते. १.१३ मीटर त्रिज्येचे वर्तुळ म्हणजे ४ चौरस मीटर. डोंगरभर आधी ठरवलेल्या बिंदूंवर अशी ६० वर्तुळे. जागा डोळ्यांना बरी दिसते म्हणून निवडायची नाही. पहिली मोजणी पेरणीनंतर चार आठवड्यांनी. माझ्या गृहीतकाने चौरस मीटरला अर्धे रोप, म्हणजे दर वर्तुळात सरासरी दोन यायला हवीत. दुसरी मोजणी पावसाळा संपताना, तिसरी पहिल्या उन्हाळ्याअखेर, चौथी दुसऱ्या उन्हाळ्याअखेर.

तोट्याचे कारण मोजणीच सांगते. पहिल्याच मोजणीत दोनऐवजी ०.२ आले तर दोष बी, पृष्ठभाग, मुंग्या किंवा वेळ यांत आहे. अशा वेळी काही ठिकाणी माती उकरून पाहा. बी तसेच कडक सापडले तर कवच फुटले नाही, कुजलेले सापडले तर पाणी तुंबले, आणि काहीच सापडले नाही तर नेले किंवा वाहून गेले. पहिली मोजणी चांगली आणि दुसरी पडलेली असेल तर उघडीप किंवा गवताची दाटी. दुसरीपर्यंत चांगले आणि उन्हाळ्यानंतर शून्य, तर माती उथळ किंवा शेळ्या. शेंडा कापल्यासारखा दिसला तर शेळी, पाने जागच्या जागी वाळली असतील तर ओल संपली.

दुसऱ्या उन्हाळ्यानंतर वर्तुळ मोठे घ्या, १.७८ मीटर त्रिज्या, १० चौरस मीटर. हेक्टरी १,००० झाडे कुठे गोळा न होता सहजगत्या विखुरली असतील तर शंभरांतल्या ६३ वर्तुळांत किमान एक रोप सापडते. सरासरी १,००० आली पण भरलेली वर्तुळे तीसच निघाली, तर रोपे ओघळीत गोळा झाली आहेत आणि उतार तसाच उघडा आहे.

गवताळ

चराईबंदी किमान तीन पावसाळे, आणि ती कुंपणापेक्षा तिथे गुरे-शेळ्या नेणाऱ्यांशी आधी बोलून ठरवा. गवत कापून नेऊ द्या, चरू देऊ नका. कापून नेले की वणव्याचे इंधनही कमी होते. जाळरेषा (वणवा अडवणारा गवत काढलेला पट्टा) पेरणीच्या वर्षीच काढा, कारण बंदीनंतरचा पहिला उन्हाळा सगळ्यांत धोक्याचा: गवत पहिल्यांदाच कंबरेएवढे झालेले असते आणि खैराची रोपे वीतभर.